बाबाराव येवतकर यांच्या तीन काचांची हकीकत

श्रीगजाननास आणि कुळस्वामिनीस दंडवत घालून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, मुक्काम रायपूर, प्रांत छत्तीसगड, येथील वर्तमान लिहिण्यास हात घातला. कारण हे की, दिवाळीस शर्मिष्ठाबाई अकोलेकर आपले थोरले बहिणीचे घरी आल्या, आणि पाहतात तो गच्चीवर एक भली थोरली काच आडवी टाकली असून तिजवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत आहेत, आणि न्हाणीघराचे आडोशास दुसरी काच उभी आहे, आणि तिसरी म्हणे गाडीस लावलेली आहे. तेव्हा बाईंनी पुसिले की, गाडी एक आणि काचा तीन, हा काय प्रकार. घरचे यजमान बाबाराव यांनी पेपर तोंडापुढे धरिला आणि घरच्या बाईसाहेब हसू दाबीत आत गेल्या. सबब खरे कोणी सांगेना. म्हणोन जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे. लिहिणारास कोणाचा पक्ष नाही. बाईसाहेबांचे हातचा चहा दोन वेळा मिळतो, इतकाच काय तो संबंध.

बाबाराव येवतकर हे मूळचे वऱ्हाडातले. रेल्वेच्या मालगाडीवर गार्ड म्हणोन चौतीस वर्षे चाकरी बजावली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त जाहले. मालगाडीचा गार्ड म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांस सांगणे भाग आहे. पुढे पन्नास-साठ वाघिणी कोळशाच्या, आणि सर्वांचे शेवटी एक लहान डबा, आणि त्या डब्यात एक बाकडे, एक कंदील, एक हिरवी झेंडी, एक लाल झेंडी आणि एक माणूस. तो माणूस बाबाराव. चौतीस वर्षांत त्यांनी येणारे गाव कधी पाहिले नाही, जाणारे मात्र सर्व पाहिले. बोलावयास कोणी नाही, डबा उघडून जेवावे तर समोर कोणी नाही. खिशात एक डायरी असे, तीत प्रत्येक फेरीस गाडी सुटल्याची वेळ लिहावी आणि पुढे शेरा लिहावा, आणि तो शेरा बहुत करून 'एकटा' हाच असे. आणि बाईसाहेब विनोदिनीबाई गुढियारीचे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घर सांभाळून, निरंजन नावाचा पोरगा वाढवून, त्यास नवा रायपुरी सरकारी कचेरीत चिकटवून मोकळ्या जाहल्या. दोघांचा संसार चाळीस वर्षांचा, परंतु एका बाकावर शेजारी बसण्याचा योग लग्नाच्या पाटानंतर फारसा आला नाही. याचे बाबारावांस मनातून फार लागत असे. बोलून कधी दाखविले नाही, ते त्यांचे रीतीत नव्हते.

मग ऐसे जाहले की, नवा रायपुराचे पलीकडे, जेथे सहा पदरी रुंद सडक ऐन दिमाखात चालता चालता एकाएकी संपते आणि लाल मुरूम लागतो, तेथून दीड कोसावर, नाल्यापार, बाबारावांनी अडीच एकर जमीन घेतली होती, आणि तीत बाईसाहेबांचे इच्छेवरून पेरूची झाडे लाविली होती. मोटार तेथे जाईना, स्कूटर नाल्यात रुतून बसे, आणि बाईसाहेबांचे गुडघे दीड कोस चालण्यास राजी नसत. आपण लाविलेली झाडे बाईसाहेबांस वर्षातून दोनदा पाहावयास मिळत. अशा समयी एक रिसॉर्ट बंद पडले आणि त्यांची एक गाडी विकावयास निघाली. तिचे वर्णन करावे तर, चार जाडजूड चाके, डोईवर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दार नाही, काच नाही, आणि दोनच आसने, एकमेकांस लागून. चिखल, खड्डा, नाला, कशासही न जुमानणारी. सडकेवर फिरविण्याची सरकारी मोकळीक नाही, म्हणोन सडक संपते तेथल्या एका शेडीत ठेवावी आणि पुढे मुरमावर हाकावी. विलायतेत हिला 'साइड बाय साइड' म्हणतात, म्हणजे शेजारी-शेजारी. हा शब्द बाबारावांनी मोबाइलवर वाचला आणि त्याच घटकेस गाडी त्यांची जाहली, व्यवहार मागाहून.

अक्षय्य तृतीयेस, जीस त्या मुलखात अक्ती म्हणतात, खासा स्वारी प्रथम निघाली. बाबारावांनी हातात मोजे घातले, बाईसाहेबांनी अबोली रंगाची साडी नेसली, कारण परतताना एका साखरपुड्यास जाणे होते. शेडीपासून निघून स्वारी दोन शेते गेली नाही तोच एक काळा भुंगा, सुपारीएवढा, समोरून चाल करून आला आणि थेट बाईसाहेबांचे कपाळी, कुंकवाचे जागी, आदळला. त्यामागोमाग धूळ आली. बाईसाहेब पेरूपाशी पोहोचल्या तेव्हा साडी अबोली आहे की मुरमाची हे सांगणे कठीण होते. त्यांनी उतरून पदर झटकला आणि शांतपणे फर्माविले की, "तुमाले मले यात बसवायचं असन तं आंधी पुढं काच लावा. त्याबिगर मी या पिंजऱ्यात पाय ठेवत नाई." आणि परत येताना त्या नाल्यापर्यंत पायी आल्या, नाला ओलांडून पुन्हा पायी आल्या, आणि गुडघ्यांस दोन दिवस शेक घेतला.

हे वर्तमान निरंजनरावांस कळले. त्यांनी विचारपूर्वक हुकूम काढला की, "बाबा, आई बसतच नाई तं ते धूड ठेवून काय करून राहिले तुमी? अभनपूरकडचा एक जण मागून राहिला. दसऱ्यापर्यंत पाहू. आई बसली तं ठीक, नाई तं देऊन टाकू." मुलगा मोठा जाहला म्हणजे हुकूम कोणाचा चालतो हे सर्वांस ठाऊक आहे. बाबाराव 'बरं' म्हणाले. परंतु त्या दिवसापासून त्यांचे जेवणात लक्ष राहिले नाही. गाडीचे त्यांस विशेष नव्हते. शेजारचे आसन रिकामे राहील, हे नव्हते सोसत.

मग मसलतीकरिता बाबाराव पुरानी बस्तीत दिवाकरपंतांचे वाड्यावर गेले. दिवाकरपंत हे भोसल्यांचे अमलात इकडे आलेल्या घराण्यातले, आणि नोकरीने रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर, बाबारावांचे जुने जोडीदार. जोडीदार म्हणजे ऐसे की, एकाच गाडीवर वीस वर्षे काम केले, एक या टोकास, दुसरा त्या टोकास, मध्ये अर्धा मैल कोळसा. रेल्वेत दस्तुर हा की, पुढचे पुढच्यास समजते आणि मागचे मागच्यास. त्यामुळे समोरच्या काचेविषयी बाबाराव दिवाकरपंतांवाचून दुसरे कोणास पुसतील हे संभवतच नव्हते. आणि येथेच पहिली चूक जाहली.

दिवाकरपंतांनी पान लाविले आणि सांगितले की, "बाबाराव, काच म्हटली की पूर्ण. माथ्यापासून बॉनेटपर्यंत. आम्ही जन्म काढला काचेमागे, अंगावर पाखराचं पीस आलं नाही." मग काचेची जात कोणती यावर खल जाहला. खरी काच जड, पिंजऱ्यास पेलेल न पेलेल आणि खडा लागला तर फुटेल. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, परंतु तडकते. पॉलिकार्बोनेट म्हणून एक जात आहे, दिसावयास काच, धर्माने प्लास्टिक, हातोडा मारला तरी फुटत नाही, मात्र चरे पडतात. पंतांनी निकाल दिला की तीच आणावी आणि चरे पडू नयेत म्हणोन जपावी. इंजिनाचे ड्रायव्हरास पाठीमागेही भिंत असते आणि ह्या गाडीस पाठ उघडी, हे दोघांपैकी एकाचेही ध्यानात आले नाही.

ज्येष्ठ मासी पूर्ण काच खोक्यात बसून दाखल जाहली. यशदीप नामे एक कारागीर, वेल्डिंगचे दुकान चालविणारा, घरची भाषा मराठी परंतु उत्तर हिंदीतच देणारा, यास शेडीवर पाचारण केले. त्याने काच पिंजऱ्याचे नळ्यांस आवळली आणि पुसिले की, "काकाजी, फिल्म निकाल दूं?" कारण काचेस दोन्ही अंगांनी पातळ प्लास्टिक चिकटविलेले असते, प्रवासात चरे पडू नयेत म्हणोन. आता येवतकरांचे घरचा रिवाज जाणणे जरूर आहे. त्या घरात टीव्हीचा रिमोट अकरा वर्षे आपल्या पिशवीत आहे. फ्रिजचे दांड्यावर कारखान्याचे प्लास्टिक आहे, सोफ्यावर आहे, आणि निरंजनरावांचे लग्नात आलेल्या भिंतीवरील घड्याळाचे तोंडावरही आहे, त्यामुळे वेळ जरा धुक्यातून समजते. म्हणोन बाबारावांनी आज्ञा केली की, "राहू दे. नवी राहते." यशदीप म्हणाला, "हव, जैसा आप बोलो." आणि हात पुसून गेला.

मग बाईसाहेबांस वर्दी गेली की काच लागली. त्या दिलेल्या शब्दास जागल्या, दुपारी आल्या आणि बसल्या. स्वारीने कूच केले. रायपूरचे ज्येष्ठातले ऊन ते, घटकेत फिल्मखाली पुऱ्यांसारखे फुगे आले आणि समोरचा मुलूख दुधात बुडाला. बाबारावांस वाटले की आपला मोतीबिंदू उलटून आला. ते डोळे चोळीत राहिले आणि गाडी हळू करीत राहिले. इतक्यात भयंकर ते घडले. पुढून गनीम अडला म्हणोन त्याने पाठ धरिली. चाकांनी उडविलेली धूळ मागे जावी ती जाईना, उलट पाठीमागून गोल गिरकी घेऊन आत आली आणि दोघांचे मानेवर, कानात, पदरात बसली. अक्तीस धूळ निदान येऊन पुढे जात होती, आता आली ती मुक्कामास राहिली. बाईसाहेब नाल्यापूर्वीच उतरल्या. बाबारावांचे डोईवरचा मुरूम पदराने झाडला, आणि तो झाडताना त्यांस हसू आले की रडू हे ओळखता आले नाही.

बाबाराव त्या दिवशी शेडीत बराच वेळ बसून राहिले. चौतीस वर्षे सरकारने त्यांस एकाच कामाचा पगार दिला होता, की मागे लक्ष ठेवावे. आणि आयुष्यात प्रथमच पुढे बसावयास मिळाले तर मागचे साफ विसरले. ही गोष्ट त्यांनी दिवाकरपंतांस कळविली नाही. पंतांनी पुन्हा पुन्हा फोन करून पुसिले की काच कशी चालली, तेव्हा 'मजेत' म्हणोन सांगितले.

हार मानणे मात्र स्वभावात नव्हते. मग स्वारी पंडरीचे कापडबाजारात गेली, पाठीमागे पडदा लावावा ऐसा मनसुबा करून. तेथील व्यापाऱ्याने प्रथम सफारीचे कापड दाखविले, मग सोफ्याचे, मग शामियान्याचे, आणि शेवटी गाडीचे पाठीस पडदा हवा हे समजल्यावर चहा पाजला. जाड ताडपत्री घेऊन शिवून आणिली आणि मागे लाविली. धूळ थांबली, हे कबूल केले पाहिजे. परंतु पुढे काच, मागे ताडपत्री, वर छत, आणि मध्ये बाबाराव, ऐसे नाल्यापर्यंत गेले आणि बाहेर निघाले तेव्हा घामाने भिजून त्यांचा सदरा दुसऱ्या रंगाचा जाहला होता. बाईसाहेबांस त्यात बसवावे हे त्यांचे धाडसच झाले नाही. ताडपत्री उतरविली, पूर्ण काच उतरविली, आणि ती पुढे न्हाणीघराचे आडोशास तैनात जाहली. फिल्म आजतागायत अंगावर आहे, आणि त्या जागेस ती शोभतेही.

मग पाऊस लागला, नाला भरला, आणि मोहीम छावणीस राहिली. बाबारावांनी दोन महिने मोबाइलवर परदेशी लोकांच्या चित्रफिती पाहिल्या, भाषा न समजता, आणि त्यातून हे हाती आले की अर्धी काच म्हणून एक प्रकार आहे. छातीपर्यंत काच, वर मोकळे. वारा वरून जातो, धूळ मागून ओढली जात नाही, ऊन असता जीव गुदमरत नाही. फक्त एक जपावे की काचेची वरची कड नजरेच्या खाली राहावी. बाबाराव आनंदले. त्यांनी शेडीत जाऊन आपले आसनावर ताठ बसून डोळ्यांपासून सुतळी धरली, गाठ मारली, माप कागदावर लिहिले आणि काच मागविली. या खेपेस कोणास पुसिले नाही. गार्डास कोणास पुसण्याची सवय नसते.

भाद्रपदी नाल्याचे पाणी उतरले आणि अर्धी काच आली. यशदीपने लाविली. फिल्म या खेपेस आतील अंगाची काढिली आणि बाहेरील ठेविली, हा तह समजावा. बाबारावांनी परीक्षा घेण्याचा विचार केला, आणि गाडी एका अंगास कलू नये म्हणोन शेजारचे आसनावर खताचे पोते बसविले, पट्टा लाविला, आणि तीन वेळा पेरूपर्यंत जाऊन आले. धूळ नाही, भुंगा नाही, वारा बेताचा, समोरचा सारा मुलूख स्वच्छ. पोत्याने कोणतीही तक्रार केली नाही. बाबारावांनी घरी जाऊन सांगितले की, काम फत्ते जाहले, गौरी उठल्या की निघू.

गौरी उठल्या आणि बाईसाहेब आल्या. बसल्या, पट्टा लावून घेतला, आणि गाडी सुटली. बाबाराव वाटेत बोलू लागले, जे ते सहसा बोलत नसत. म्हणाले ते पाहा बगळे, ते पाहा धान कसे निसवले, तो पाहा आपला पहिला पेरू. बाईसाहेब 'हूं' म्हणत गेल्या. मान कधी वर, कधी खाली. पेरूपाशी पोहोचल्यावर बाबारावांनी पुसिले की, "कसं वाटलं?" तेव्हा बाईसाहेबांनी जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिणे भाग आहे.

"माह्या डोयासमोर काचेच्या कडेची काळी रबराची पट्टी होती. बगळे तुमाले दिसले. मी वरून पाह्यलं तं फक्त आभाळ, खालून पाह्यलं तं ते तुमचं मळकट प्लास्टिक. हे माप कोणाचं घेतलं तुमी?"

बाबाराव म्हणाले की माप नीट घेतले होते, पोते ठेवून तीनदा परीक्षाही केली होती.

"पोत्याले डोये असतात काय?" बाईसाहेब म्हणाल्या. मग बोलल्या की, "चाळीस वर्ष तुमी जे पाह्यलं ते घरी येऊन सांगितलं अन् मी आयकलं. आता शेजारी बसूनई आयकतच राहायचं असन तं मी घरीच बरी."

बाबाराव सहा फुटांचे आणि बाईसाहेब पाच फुटांस दोन बोटे कमी. हे चाळीस वर्षे सर्वांसमोर उघडे होते. त्यास जासूद पाठविण्याची गरज नव्हती.

ते दोघे परत आले. बाबारावांनी मोहीम सोडून दिली. निरंजनरावांस निरोप केला की, तुझ्या त्या माणसास बोलाव. सर्वपित्रीचे दिवशी तो अभनपूरकर शेडीवर आला, गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, चाकांस लाथा मारून पाहिल्या, ज्याने काय कळते हे लिहिणारास आजवर समजलेले नाही, आणि दसऱ्याचे दुसरे दिवशी घेऊन जातो म्हणाला. तो गेल्यावर बाबाराव एकटे राहिले. आणि कोण जाणे काय मनात आले, ते आपले आसन सोडून शेजारचे आसनावर जाऊन बसले. त्या आसनावर ते कधीच बसले नव्हते. मग पाय पुढे सोडून घसरत घसरत खाली आले, डोके बाईसाहेबांचे डोके असावे तेथवर आणिले, आणि समोर पाहिले. काळी पट्टी. डावीउजवीकडे जिकडे पाहावे तिकडे काळी पट्टी. नाला नाही, धान नाही, वाट नाही. तो साठी ओलांडलेला माणूस तसाच घसरलेला बसून राहिला आणि त्यास स्वतःची फार लाज वाटली. दोन काचा आणिल्या, कापड आणिले, पंतांस पुसिले, परदेशी लोकांस पुसिले, पोत्यास पुसिले. जिच्याकरिता हा सारा खटाटोप, तिला एकदाही पुसिले नाही.

घरी आले तेव्हा बाईसाहेब पितरांचे ताट झाकीत होत्या. बाबाराव दारातच उभे राहून म्हणाले, "विनू, मी आज तुह्या जागी बसलो होतो. काहीच दिसत नाई तिथून." मग पुढे म्हणाले, "तूच चाल अन् तूच सांग काच कशी पाह्यजे. मले नाई समजत." विनू हे नाव त्या घरात निरंजनरावांचे बारशानंतर उच्चारले गेले नव्हते. बाईसाहेबांनी ताट झाकले, हात धुतले, पदरास पुसले, आणि म्हणाल्या, "हव."

दुसरे दिवशी बाईसाहेबांनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली. आपले आसनावर बसल्या, यशदीपकडून आपले डोळ्यांपासून सुतळी धरविली, मग नवऱ्यास बसवून त्याचे डोळ्यांपासून धरविली, आणि दोन गाठींमधले अंतर वीतभर निघाले. मग पुसिले की, मागून धूळ का येते. यशदीप बोलला की, "आंटी जी, वो हवा का कुछ रहता है, पीछे से खींचता है." तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या की त्यात न समजण्यासारखे काय आहे. स्वयंपाकघराची खिडकी लावून धूर बाहेर टाकणारा पंखा सुरू केला की शेजारचे घरचा फोडणीचा धूर आपले दारातून आत येतो, आणि खिडकी बोटभर उघडली की येत नाही. पुढून थोडा वारा आत येऊ द्यावा म्हणजे मागून कोणी ओढीत नाही. बाबाराव आ वासून पाहत राहिले. हे ज्ञान पंतांकडे नव्हते, चित्रफितींत असले तरी परक्या भाषेत होते, आणि गुढियारीचे स्वयंपाकघरात चाळीस वर्षे रोज दोन वेळा सिद्ध होत होते.

मग निर्णय ठरला तो ऐसा. काच पूर्ण, परंतु दोन भागांची. मधला जोड बाईसाहेबांचे नजरेच्या खाली. वरचा भाग बिजागरीवर, दोन खटके सोडले की पुढे उचलावा, आणि जितका उचलावा तितका वारा आत घ्यावा. थंडीत मिटावा, ऊन असता उघडावा, भुंगा दिसला तर झटकन पाडावा. आणि खटके कोणाचे बाजूस असावेत हे यशदीपने विचारले तेव्हा बाईसाहेबांनी आपल्या बाजूस बोट दाखविले.

काच मागविली. दसऱ्यास दहा दिवस. पाचवे दिवशी ती नागपुरास पोहोचल्याची खबर मोबाइलवर आली, मग तीन दिवस तेथेच मुक्काम करून राहिली, कशाकरिता ते तीच जाणे. बाबाराव घटकेघटकेस मोबाइल पाहत आणि बाईसाहेब म्हणत की, पाहून ती धावत येणार आहे काय. नवमीस खोके आले. उघडून लावावयास घेतली तो पकडी मोठ्या आणि पिंजऱ्याच्या नळ्या बारीक, काच ढिली बसे आणि खडखडे. बाबारावांचे तोंड उतरले. यशदीपने सायकलची जुनी ट्यूब कापली, नळ्यांवर दोन वेढे गुंडाळले, वरून पकड आवळली आणि काच हलवून दाखविली. हलली नाही. "अब ये आपके पोते के टाइम तक नहीं हिलेगी," ऐसे तो बोलला, आणि हे त्याचे आजवरचे सर्वांत लांब भाषण होते.

विजयादशमी, गुरुवार. सकाळी शेडीवर पूजा मांडिली. झेंडूची माळ, ऊस, नारळ, चाकाखाली लिंबे. निरंजनराव आले होते, कारण दुसरे दिवशी गाडी द्यावयाची किंवा नाही हे आजच ठरावयाचे होते. बाईसाहेब कुंकू कालवून काचेवर स्वस्तिक काढावयास पुढे जाहल्या, तोच बाबाराव म्हणाले, "थांब जरा." आणि त्यांनी नखाने कोपरा उचलला आणि बाहेरील फिल्म सरळ ओढून काढिली, मग आतील काढिली, वरील भागाची काढिली, खालील भागाची काढिली, आणि चारही चुरगाळून खिशात घातल्या. येवतकरांचे घराण्यात नव्या वस्तूचे प्लास्टिक मालकाने आपल्या हाताने काढिल्याची ही पहिली नोंद आहे. निरंजनराव थक्क जाहले. त्यांस वाटले वडिलांची प्रकृती बरी नाही. बाईसाहेबांनी उघड्या काचेवर स्वस्तिक काढिले, आणि ते दोन्हीकडून लाल दिसले.

मग बाबारावांनी पिशवीतून एक वस्तू काढिली. निवृत्तीचे दिवशी घरी आणिलेली, चौतीस वर्षांत फिकी पडलेली हिरवी झेंडी. ती त्यांनी बाईसाहेबांचे हाती दिली आणि सांगितले की, गार्डाने इशारा दिल्यावाचून गाडी हालवू नये हा कायदा आहे. बाईसाहेब आपल्या आसनावर बसल्या. पट्टा लाविला. वरचे दोन खटके सोडून काच चार बोटे उचलली. मागे वळून पाहिले, बारीक नजरेने, जसे पाहावयाचे असते तसे. मग हात बाहेर काढून झेंडी हलविली, आणि स्वारीने सीमोल्लंघनास कूच केले.

वाटेत काय घडले ते निरंजनरावांस दिसले नाही, ते शेडीवर उभे होते. परंतु मुरमावरून धुळीचा लोट उठला तो सरळ मागे गेला, कोठे गिरकी न घेता, हे त्यांनी पाहिले. नाल्याचे पाण्यात गाडी उतरली आणि पलीकडे चढली हेही पाहिले. आणि वाऱ्यावर आईचा आवाज आला, ती काही तरी दाखवीत होती, आणि बाबांचा आवाज आला, "कुठं? मले नाई दिसलं," आणि पुन्हा आईचा, "अहो, तिकडं, त्या बांधाजवळ, पेरूवर पोपट बसून राहिला." निरंजनरावांनी तेथेच उभे राहून अभनपूरकरास फोन लाविला आणि सांगितले की, भैया, गाडी देणे नाही, माफी असावी.

येणेप्रमाणे ही मोहीम अक्तीस सुरू होऊन दसऱ्यास सिद्धीस गेली. पहिली काच न्हाणीघराचे आडोशास, दुसरी गच्चीवर पापड्यांचे सेवेस, आणि तिसरी आपले जागी कायम. दिवाकरपंतांस आपट्याची पाने देताना सर्व हकीकत खरी खरी सांगण्यात आली, आणि पंतांनी बराच विचार करून सांगितले की, पूर्ण काच घ्या हेच मी म्हटले होते. ते त्यांचे बोलणे येथे दाखल करून ठेविले आहे. रिमोट अद्याप पिशवीत आहे. सर्व किल्ले एकाच दिवशी पडत नाहीत.

आणि शेवटचे प्रमाण म्हणोन बाबारावांची डायरी पाहावी. निवृत्तीनंतर ती कोरी पडली होती. तीत विजयादशमीचे पानावर त्यांचे हातची एकच ओळ आहे, ती बघून, ताडून, येथे उतरवून घेतली आणि लेखन पुरे केले. ओळ ऐसी: 'गाडी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुटली. शेरा: शेजारी विनोदिनी.'